वाफेच्या युगाची वाट : नांदुरा, जलंब, खामगाव

नांदुऱ्याला पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारले तर हमरस्त्यावरच्या १०५ फूट उंच हनुमंताकडे आपण बोट दाखवतो आणि गप्प बसतो. दुसरे काही सांगायचे आपल्याला सुचत नाही. पण मंडळी, नांदुऱ्याच्या स्टेशनाला लागून आणखी एक पाहण्याजोगी गोष्ट आहे. ती रोज डोळ्यांसमोर असते, म्हणूनच ती दिसत नाही. ती म्हणजे वाफेचे युग. हा लोहमार्ग, हे कापसाचे जिन, ते विटांचे धुराडे, फलाटावरचे घड्याळ, हे सगळे त्या युगाने आपल्या शिवारात आणून सोडलेले सामान आहे.

आता तुम्ही म्हणाल, या जुन्यापुराण्या लोखंडात पाहायचे ते काय? तर एक गंमत ऐका. जगात आज असे हजारो हौशी लोक आहेत की ज्यांना हेच लोखंड वेड लावते. राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१, त्या काळची यंत्रे, कपडे, घड्याळे, आगगाड्या यांचा त्यांना भारी सोस. आणि त्यांची कल्पना अशी, की विजेचे व तेलाचे युग आलेच नसते, सगळे जग वाफेवरच पुढे चालले असते, तर काय झाले असते? विमानही वाफेचे आणि गणकयंत्रही पितळी चक्रांचे! अशा कथांना ‘स्टीमपंक’ म्हणतात. हे नाव के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली पाडले. नाव नवे, पण कल्पना जुनी आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८८० साली लिहिलेल्या एका कादंबरीत लोखंडाचा वाफेवर चालणारा हत्ती आहे. तो चाकांवरची घरे ओढत चालतो, आणि कुठे चालतो म्हणाल तर आपल्या हिंदुस्थानात. त्याच व्हर्नचा दुसरा नायक ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघतो आणि मुंबईहून आपल्याच जी. आय. पी. रेल्वेने थळ घाट चढून, खानदेश ओलांडून बऱ्हाणपूरकडे जातो. भुसावळला त्या मार्गाला जो फाटा फुटतो, तो मलकापूर, नांदुरा, अकोला करीत नागपूरला जातो. त्या नायकाची गाडी डाव्या हाताच्या रुळांनी गेली. उजव्या हाताने वळली असती, तर नांदुरा त्या कादंबरीत आले असते!

न्यूझीलंडमध्ये ओमारू नावाचे एक छोटे शहर आहे. वस्ती चौदा हजारांच्या आसपास. एके काळी तेथल्या बंदरातून धान्य आणि लोकर परदेशी जाई. त्या पैशातून पांढऱ्या चुनखडीच्या दगडाच्या देखण्या वखारी उभ्या राहिल्या. पुढे धंदा ओसरला, १९७४ साली बंदर मालवाहतुकीला बंद झाले आणि वखारी ओस पडल्या. पण गावकऱ्यांनी त्या पाडल्या नाहीत. १९८७ साली एक विश्वस्त मंडळ स्थापून एकेक इमारत दुरुस्त केली. १८८३ सालच्या एका धान्यकोठारात २०११ साली स्टीमपंकचे प्रदर्शन मांडले. आज लोक दूरदूरहून ते पाहायला जातात. ज्या गावाकडे विकायला काही उरले नव्हते, त्याने आपली आठवणच जपून ठेवली आणि तिच्यावर गाव पुन्हा उभे राहिले.

नांदुरा काही ओमारू नव्हे. पण आपली गोष्ट त्याहून लहान नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख. चला, एक दिवसाची फेरी काढू. नांदुऱ्याच्या फलाटावरून निघू, पूर्वेकडच्या जलंबला गाडी बदलू आणि खामगावला जाऊ.

पहिली गोष्ट या रुळांची. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, हे मात्र बहुधा कुणी जोडून सांगत नाही. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की पुढचे कोडे उलगडते. इंग्रजांना वऱ्हाड हवा होता, याचे एक मोठे कारण इथली काळी जमीन आणि तिच्यातला कापूस. पूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवर लादून, मजल दरमजल करीत, थेट गंगेकाठी मिर्झापूरला जात असे आणि तेथून नावेने कलकत्त्यास. वाटेत पावसाने भिजायचा, धुळीने माखायचा, आणि पोचेपर्यंत त्याची किंमत निम्मी वाहतुकीतच जायची. पुढे १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे धाडायला सुरुवात केली, तरी वाहन तेच, बैल.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडातल्या मँचेस्टर भागातील गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. तो येईना. गिरण्या बंद पडू लागल्या, मजूर उपाशी राहू लागले, आणि गिरणीवाल्यांची नजर आपल्याकडे वळली. हिंदुस्थानातल्या कापसाचा भाव एकदम चढला. त्याच घाईच्या वर्षांत इकडे रेल्वेचे काम चालू होते. १८६५ साली थळ घाटाची चढण पुरी झाली आणि १८६७ साली भुसावळहून निघालेले रूळ नागपूरला जाऊन भिडले. नांदुरा या मार्गावरचे एक ठाणे झाले. अमेरिकेतले युद्ध तोवर संपले होते, भावही उतरला होता. पण रूळ राहिले आणि वऱ्हाडचा शेतकरी कायमचा जगाच्या बाजाराला जोडला गेला. दूरदेशी तोफ उडाली की आपल्या पांढऱ्या सोन्याचा भाव हलतो, हे नाते तेव्हापासूनचे.

फलाटावर उभे राहून थोडे पाहा बरे. जुन्या स्टेशनांच्या आवारात कुंपणाला, छपराला, दिव्याला पुष्कळदा जुन्या रुळांचेच तुकडे खांब म्हणून पुरलेले असतात. त्यांच्या पोटावर हात फिरवा. रंगाच्या थरांखाली उठावाची अक्षरे लागतील : कारखान्याचे नाव आणि साल. असा एक खांब सापडला तर तो इतिहासाच्या पुस्तकातले एक पान समजा. जुन्या मोरीची किंवा पुलाची कमान दिसली तर तिच्या डोक्यावरचा मधला पाचरीसारखा दगड बघा. तो दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांवर दाबून धरतो. वरून जितका भार, तितकी कमान घट्ट. मात्र हे सारे फलाटावरून आणि रस्त्यावरून पाहायचे. रुळांवर उतरायचे नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.

आणि आता घड्याळ. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ वेगळी असे. सूर्य डोक्यावर आला की बारा वाजले. पण आगगाडीला असे चालेना. म्हणून एकोणिसाव्या शतकात रेल्वेने मद्रासची वेळ धरली. नांदुरा मद्रासच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेचार अंश. एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे नांदुऱ्यात खरी दुपार झाली तेव्हा स्टेशनच्या घड्याळात सव्वाबारा होऊन जात. गाव एक वेळ पाळी आणि फलाट दुसरी! १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली आणि तिने हा फरक आणखी वाढवला. शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग शाळेच्या अंगणात करता येतो. २५ डिसेंबरच्या आसपास, आकाश निरभ्र असताना, एक सरळ काठी उभी रोवा आणि दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने खुणवा. सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा घड्याळात सुमारे बारा वाजून चोवीस मिनिटे झालेली असतील. ही चोवीस मिनिटे म्हणजे आपल्या गावाची खरी वेळ आणि देशाची वेळ यांतले अंतर. नांदुरा सुमारे साडेशहात्तर रेखांशावर आहे आणि प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे. उरलेले गणित मुले करतील.

आता जलंबला गाडी बदलू. जलंब ते खामगाव हा फाटा जेमतेम १३ किलोमीटरांचा. पण त्याचा थाट काय वर्णावा! खामगाव ही त्या काळी वऱ्हाडातली कापसाची फार मोठी पेठ. मुख्य रूळ तिला बगल देऊन गेले होते. तेव्हा केवळ कापसासाठी हा फाटा टाकला, आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो खुला झाला. तेरा किलोमीटरांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! यावरूनच समजा, की त्या गाठींची किंमत कुणाला किती होती. हा फाटा आजही शाबूत आहे. निघण्यापूर्वी गाडीची वेळ मात्र स्टेशनावर विचारून घ्यावी.

या भागात कापसाच्या प्रत्येक पेठेत जिन आणि प्रेस उभे राहिले. आज त्यांतले बरेच बंद आहेत, काही विजेवर चालतात. ते आतून कसे चालत, हे समजून घेतले तर बाहेरून दिसणाऱ्या धुराड्याला अर्थ येतो.

आपल्या घरी पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब असे, काही घरांत अजून आहे. मध्ये नळी, तिच्यात निखारे, सभोवार पाणी. वाफेच्या यंत्राचा बॉयलर म्हणजे हाच बंब, फक्त प्रचंड आणि आडवा. फेअरबर्न या स्कॉटिश यंत्रज्ञाने १८४४ साली सुधारून काढलेल्या लँकेशायर बॉयलरमध्ये अशा दोन मोठ्या नळ्या असत. फरक एवढाच, की बंबाचे तोंड उघडे असते आणि बॉयलरचे बंद. एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला साध्या हवेत सुमारे सोळाशे लिटर जागा लागते. ती जागा दिली नाही तर ती भिंतींवर रेटा देते. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी उडते ती याच रेट्याने. हा रेटा नळीवाटे एका नळकांड्यात सोडला की आतला दट्ट्या सरकतो. आधी एका बाजूने वाफ, मग दुसऱ्या बाजूने, असे करीत दट्ट्या मागे-पुढे होतो. त्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. जड चाक एकदा फिरू लागले की गती सारखी ठेवते. आणि जेम्स वॉटने १७८८ साली बसवलेले दोन लोखंडी गोळ्यांचे नियंत्रक तर पाहण्यासारखे. गती वाढली की गोळे फाकतात आणि वाफेची झडप आपोआप मिटते. गती कमी झाली की गोळे खाली येतात, झडप उघडते. यंत्राने स्वतःच स्वतःला आवरायचे, ही कल्पना आजच्या सगळ्या स्वयंचलित यंत्रांच्या मुळाशी आहे.

धुराडे उंच का? धूर वर जावा म्हणून, एवढेच उत्तर पुरे नाही. गरम हवा हलकी. उंच नळीत ती भरली की वर निघते आणि खालून थंड हवा भट्टीत ओढली जाते. नळी जितकी उंच तितकी ओढ जास्त, आणि आग तितकी प्रखर. म्हणजे धुराडे हा न हलणारा भाताच होय.

चाकावरून पट्टा, पट्ट्यावरून लांब दांडा, आणि त्या दांड्यावरून ओळीने मांडलेले जिन. प्रत्येक जिनमध्ये कातडी रूळ फिरतो, तो तंतू पकडून ओढतो. एक पाते स्थिर असते, दुसरे हलते. तंतू पलीकडे जातो, सरकी अलीकडे गळते. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी. हे तत्त्व १८४० साली मॅकार्थी नावाच्या अमेरिकनाने काढले, आणि नवल असे की आजही आपल्याकडचे बहुतेक जिन त्याच तत्त्वावर चालतात. फक्त वाफेच्या जागी वीज आली. मग ती रुई प्रेसमध्ये जाते. तिथे पाण्याच्या दाबाने ती अशी आवळतात, की गाठ दगडासारखी घट्ट होते. लहान नळीत थोड्या बळाने दाबले की रुंद नळीत मोठे बळ उपजते, हा पास्कलचा नियम. ब्रामा या इंग्रजाने १७९५ साली त्यावरून दाबयंत्र बनवले. गाठ आवळलेली नसती तर आगगाडीचे डबे हवाच वाहत बसले असते.

हे सगळे ऐकून यंत्राचे कौतुक वाटते आणि वाटलेही पाहिजे. पण मंडळी, आपण पाहुण्यांसारखे नुसते कौतुक करून थांबू शकत नाही. परदेशातला हौशी माणूस पितळी चष्मा लावून, उंच टोपी घालून त्या युगाचा खेळ खेळतो. त्यात वाईट काही नाही. आपल्याला मात्र हेही आठवले पाहिजे की त्या जिनपुढे बसून कापूस भरवीत कोण होते. त्या बहुतांशी आपल्याच घरच्या बाया होत्या. घरोघरी लाकडी चरकीवर सरकी काढण्याचे त्यांचे काम यंत्राने नेले, आणि मग त्याच यंत्रापुढे त्या मजुरीला बसल्या. हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत काम चाले. रुईची पूस नाकातोंडात, पट्ट्यात लुगड्याचा पदर अडकण्याची भीती कायमची. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला, पण वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले. जिन तर हंगामीच! अशा हंगामी कारखान्यांपर्यंत कायदा पोचायला १९११ साल उजाडले.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. कापसाला भाव, म्हणून जिराईत जमिनीवर कापूस वाढला. ज्वारी थोडी मागे पडली. १८९९-१९०० सालचा दुष्काळ वऱ्हाडात फार कडक गेला. आगगाडीने बाहेरून धान्य येऊ शकत होते, आलेही. पण धान्य येणे आणि ते विकत घ्यायला गाठीला पैसा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूळ दोन्हीकडे जातात. त्यावरून कोणता माल कुठे जावा, हे रूळ ठरवीत नाहीत, माणसे ठरवितात.

आणि तिसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेच यंत्र आपल्या माणसांनीही हाती घेतले. याच मार्गाच्या शेवटी नागपूरला जमशेटजी टाटांनी कापडाची गिरणी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, ती सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. कापूस जिथे पिकतो तिथेच त्याचे सूत निघावे, कापड व्हावे, ही त्यामागची दृष्टी होती. ती गिरणी आता बंद आहे. दृष्टी मात्र जुनी झालेली नाही. वऱ्हाडचा शेतकरी आजही तोच प्रश्न विचारतो.

ही खूण किती दिवस राहील, हे सांगवत नाही. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली बाहेर पडले. मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ला तर १९२१ साली मँचेस्टरला घडलेले इंजिन १९९४ पर्यंत ओढत होते. आता तेही थांबले. बंद पडलेल्या जिनचे लोखंड भंगारात वजनावर विकले जाते. विकणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याला जागा हवी, पैसा हवा. पण भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी त्या वस्तूची निदान नोंद तरी व्हावी, एवढे आपल्या हाती आहे.

त्यासाठी ना मोठा निधी लागतो, ना सरकारी हुकूम. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांनी एक वही करावी. गावात किंवा पंचक्रोशीत कोठे जुने धुराडे आहे, जिनची इमारत आहे, ओतीव लोखंडाचे चाक पडले आहे, ते लिहावे. यंत्रावर पाटी असेल तर तिच्यावरचे नाव व साल उतरून घ्यावे. मालकाची परवानगी घेऊन एक छायाचित्र काढावे. जुन्या धुराड्याच्या पायथ्याशी आणि पडक्या छपराखाली मात्र जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे : आजी, तुम्ही जिनवर कामाला जात होता का? किती वाजता भोंगा व्हायचा? हाजरी किती मिळायची? आजोबा, कापसाची गाडी घेऊन तुम्ही किती दिवस रांगेत थांबला होता? लोखंड गंजायला वेळ लागतो. माणसांची आठवण त्याच्या आधी जाते, म्हणून वहीची सुरुवात तिथून करावी.

आपल्या भाषेनेही ते युग जपून ठेवले आहे. ‘आगगाडी’, ‘आगबोट’ हे शब्द वाफेच्या काळात घडले. गाडी आता विजेवर धावते, तिच्यात आग कुठेच नाही, पण आपण अजून आगगाडीच म्हणतो. मुलांकडून असे शब्द गोळा करवा. वहीचे एक पान त्यांनी भरेल.

पुढे कधी मुंबईला गेलात आणि पूर्वीच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलात, तर क्षणभर थांबून वर पाहा. स्टीव्हन्स या वास्तुकाराने १८७८ पासून दहा वर्षे खपून उभारलेली ही वास्तू जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य ठाणे होती. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. तिच्या कमानी, घुमट, दगडी पशुपक्षी पाहायला जग येते. त्या कंपनीच्या वैभवात आपल्या काळ्या मातीतल्या कापसाच्या भाड्याचाही वाटा आहे. नांदुऱ्याचे रूळ त्या दाराशी जाऊन पोचतात. तेव्हा तिथे परक्यासारखे उभे राहण्याचे कारण नाही. वारशाचे एक टोक मुंबईला आहे. दुसरे आपल्या गावात आहे, आणि ते राखायचे की भंगारात घालायचे, हे आपल्याच हातात आहे.